सीमाभागाचे आरोग्य निर्देशक निवडताना: सिंधुदुर्ग–उत्तर गोवा प्रकल्प नोंदी

14 नोव्हेंबर 2022

कामाला हात घातला. सीमेवरच्या गावांसाठी पर्यावरण आणि आरोग्य यांचा संबंध दाखवणारे मोजके निर्देशक ठरवायचे आणि ते दोन्ही राज्यांच्या माणसांना दरवर्षी भरता येतील असे ठेवायचे, एवढंच काम. कागदावर सोपं दिसतं.

पहिला घोळ नकाशाचा. सीमाभाग म्हणजे किती? अमेरिका आणि मेक्सिको यांनी 1983 च्या ला पाझ करारात सरळ दोन्ही बाजूंना शंभर-शंभर किलोमीटरचा पट्टा धरला. आपण तसं केलं तर जवळपास अख्खा गोवा आत येतो, सिंधुदुर्ग संपतो आणि कोल्हापूर-बेळगावही अर्धंमुर्धं ओढलं जातं. मग सीमाभाग कसला, सगळंच सीमाभाग.

म्हणून पाणी आणि जंगल बघून रेघ मारली. तिलारी दोडामार्गातून खाली उतरते आणि गोव्यात शापोरा म्हणून समुद्राला मिळते. विर्डीकडून येणारी वाळवंटी साखळीला जाते. केर-मोर्ल्याच्या डोंगरातलं रान सत्तरीच्या रानाला लागूनच आहे. वानराला चेकपोस्ट माहीत नाही. तेव्हा दोडामार्ग तालुका पुरा, सावंतवाडीतला बांद्याचा भाग, गोव्याकडून पेडणे, डिचोली, सत्तरी. चोर्ला घाटाच्या माथ्यावरची खानापूर तालुक्यातली कणकुंबी-जांबोटीकडची गावं फक्त माकडतापापुरती (गोचिडींतून येणारा विषाणूचा ताप) धरायची.

आमच्या सांख्यिकीवाल्या मित्राला हे 'फक्त माकडतापापुरती' अजिबात पटलं नाही. एका निर्देशकाला एक भूगोल आणि दुसऱ्याला दुसरा, मग तक्ता कसा करायचा, हा त्याचा सवाल. तक्त्यासाठी रोग थांबणार नाही, एवढंच म्हटलं आणि विषय पुढे ढकलला.

29 नोव्हेंबर 2022

लांबलचक यादी तयार. प्रत्येकाने आपापला जिव्हाळ्याचा विषय घुसवलाय: खनिजाच्या ट्रकची धूळ, रबर, अननसाच्या बागांतली फवारणी, सर्पदंश, प्लास्टिक, उष्मा, मोपाचा विमानतळ आणि चक्क हत्ती. हत्तीवर हशा झाला. पण दोडामार्गात माणूस पहाटे बागेत जातो की उजाडल्यावर, हे बऱ्याचदा हत्तीच ठरवतो. तरी काढला.

जागतिक आरोग्य संघटनेची सहा कड्यांची साखळी आहे: मुळातली कारणं, त्यातून येणारा दबाव, पर्यावरणाची स्थिती, माणसाचा संपर्क, आरोग्यावर परिणाम आणि कृती. यादी त्या सहा खणांत टाकली. परिणामांचा खण ओसंडून वाहतोय आणि संपर्काचा जवळपास रिकामा. रोगाचे आकडे सरकार कसेबसे का होईना गोळा करतं. माणूस कशाच्या किती जवळ जातो हे मात्र कोणी मोजत नाही.

चाळणी लावायला प्रश्न ठरवले. दोन्हीकडे एकाच व्याख्येने मोजता येतं का? रुग्ण कुठे सापडला हे सोडा, तो राहतो कुठे हे कळतं का? आकडा हलला तर कोण काय करणार, आणि त्या 'कोण'चं पद सांगता येतं का? पणजीहून येणाऱ्या मॅडमनी आणखी एक जोडला: आकडा देणाऱ्याच्या पदरात त्यातून काय पडतं? मला हाच प्रश्न सगळ्यात कामाचा वाटतो. आरोग्य सेवकाच्या डोक्यावर आधीच इतक्या रजिस्टरांचं ओझं आहे की अजून एक रकाना वाढवला तर तो रात्री बसून अंदाजाने भरला जाणार. त्यात त्याचा दोष नाही.

13 डिसेंबर 2022

मृत्यूदरावर दिवस गेला आणि शेवटी मृत्यूदरच यादीतून गेला.

कारण कायद्यातच आहे. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाप्रमाणे मृत्यू जिथे घडतो तिथे नोंदवतात. मयत राहायला कुठे होता तिथे नाही. दोडामार्गातल्या भेडशीचा माणूस बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात गेला की नोंद गोव्यात. आणि या पट्ट्यातला गंभीर रुग्ण बांबोळीलाच नेतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोल्हापूरला जायचं तर घाट चढायचा. बांबोळीला हायवे धरला की झालं. परिणाम असा की जड आजारांचे मृत्यू सिंधुदुर्गाच्या खात्यातून वजा आणि गोव्याच्या खात्यात जमा, पण भागायची लोकसंख्या मात्र जिथल्या तिथे. दर काढला की सिंधुदुर्ग ठणठणीत आणि उत्तर गोवा आजारी.

मृत्यूच्या नमुन्यात मयताचा राहण्याचा पत्ता असतो. त्यावरून परत वाटणी करता येईल. पण ते दोन राज्यांच्या निबंधकांचं काम, वर्ष त्यातच जायचं. शिवाय मृत्यूचं कारण गोव्यात जवळपास सर्व बाबतीत डॉक्टर प्रमाणित करतो, महाराष्ट्रात निम्म्याहून कमी. एकीकडे कारण 'श्वसनविकार' म्हणून लागलेलं आणि दुसरीकडे 'म्हातारपण'. यांची तुलना करणारा आलेख दिसायला झकास होईल, एवढाच त्याचा उपयोग.

तिसरी अडचण वयाची. सिंधुदुर्गाची लोकसंख्या 2001 मध्ये 8 लाख 68 हजार होती, 2011 मध्ये 8 लाख 49 हजारांवर आली. तरुण मुंबईला किंवा गोव्याला. घरी म्हातारी माणसं. वयाचा हिशेब लावल्याशिवाय कुठलाही दर वापरता येत नाही, आणि तो लावायला हाताशी गणना आहे 2011 चीच. 2021 ची झालीच नाही.

6 जानेवारी 2023

काल मोपाच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. बैठकीत मात्र सगळ्यांच्या तोंडी म्हादई नदीच्या पाण्याचा वाद. 29 डिसेंबरला केंद्राने म्हादईचं पाणी वळवणाऱ्या कर्नाटकाच्या कळसा-भंडुरा प्रकल्पाच्या अहवालाला मंजुरी दिल्याचं जाहीर झालं आणि गोवा पेटून उठलाय. लवादाने 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42, महाराष्ट्राला 1.33 आणि गोव्याला 24 टीएमसी पाणी दिलं होतं; त्यावरही तिघांचं समाधान नाहीच.

अशा हवेत 'नदीतला उन्हाळी प्रवाह' हा निर्देशक ठेवणं म्हणजे आगीत तेल. मी तो मागे घेतला. ज्या आकड्याचा उद्या कोर्टात पुरावा होऊ शकतो, तो आकडा कुठलंही खातं मोकळ्या मनाने देणार नाही. पाणी किती, हा प्रश्न आमच्या यादीत नको. पाणी कसं, एवढंच ठेवू. कोणाला हे पळपुटेपण वाटलं तर वाटो.

उरलेला वेळ पत्त्यांवर. एका रुग्णालयाने नावं, वय, फोन सगळं काढून फक्त गाव आणि निदान असे दोन रकाने दिले. चहा घेत घेत वाचायला बसलो आणि चहा निवून गेला. 'भेडशी, ता. सावंतवाडी'. दोडामार्ग तालुका 1999 साली वेगळा झाला, पण जुन्या माणसांच्या लेखी सावंतवाडीच. 'दोडामार्ग, गोवा'. म्हणजे भाड्याच्या खोलीचा पत्ता गोव्यातला, घर इकडचं. नुसतंच 'बॉर्डर'. त्यात 2018 पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना बांबोळीला काही सेवांचे पैसे पडतात. मग म्हापशाच्या आत्याचा पत्ता सांगायचा मोह कोणाला होणार नाही?

तात्पुरती युक्ती: पिनकोडचे पहिले तीन आकडे. 403 गोवा, 416 इकडचे, 591 खानापूरचे. ढोबळ आहे, पण अर्धं काम होतं. पुढचं पक्कं काम म्हणजे केंद्र सरकारच्या स्थानिक संस्था निर्देशिकेतला गावाचा कोड प्रत्येक नोंदीला लावणं. गोव्यातल्या गावांची रोमन स्पेलिंगं पोर्तुगीज वळणाची, आपल्याकडची इंग्रजी वळणाची, त्यामुळे नावावरून जुळवणी करणं विसरायचं.

मॅडमचा एक विचार पटला: गावाचा कोड असलेल्या नोंदींचं प्रमाण हाच पहिला निर्देशक करा. तो सुधारला नाही तर बाकीच्यांना अर्थ नाही.

24 जानेवारी 2023, केर

आज रानात. माकडतापाचा इतिहास इथल्या माणसाला सांगावा लागत नाही. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात हा विषाणू पहिल्यांदा सापडला आणि कित्येक वर्षं तो कर्नाटकाचाच रोग मानला गेला. 2015 मध्ये सत्तरीतलं पाली, 2016 मध्ये दोडामार्गातलं केर. पुढे बांद्याकडे. सह्याद्रीच्या कुशीने वर सरकत तो दोन राज्यांच्या सीमा ओलांडून आला आणि प्रत्येक राज्यात 'नवा' म्हणून नोंदला गेला. गावागावांची यादी कोणी एका भिंतीवर लावली असती तर पालीनंतर केरचा नंबर लागणार हे सांगायला तज्ज्ञ लागला नसता.

वेळ सकाळची. अंगाला गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल चोपडलेलं, पँट मोज्यांत खोचलेली, गमबूट. बरोबर कीटक समाहारक (कीटकांचे नमुने गोळा करणारा कर्मचारी) आणि वनरक्षक. पांढऱ्या फ्लॅनेलचं कापड काठीला बांधून काजूच्या बागेतल्या पातेऱ्यावरून, म्हणजे वाळक्या पानांवरून, सावकाश ओढत न्यायचं, थोडं अंतर गेलं की उलटून बघायचं. पहिल्या दोन खेपांत काही नाही. बागेची कड जिथे रानाला मिळते तिथे, बांबूच्या बेटाखाली, कापड उलटलं तर तीळ सांडावेत तशा गोचिडीच्या पिल्लावळी. समाहारकाने चिमट्याने एकेक उचलून बाटलीत टाकली. हलत होत्या. माणसाला चावतात त्या याच वयाच्या, आणि त्यांचा काळ आणि काजूचा हंगाम नेमके एकावर एक येतात. बोंडू पडायला लागले की बाया-माणसं सकाळपासून वाकून या पातेऱ्यातूनच बिया वेचणार. भाताची रोपं करायची जमीन भाजायला, म्हणजे भाजावळीसाठी, पातेरा गोळा करून डोक्यावरून आणणार. संपर्काचा रिकामा खण तो हाच.

गोचिडीची घनता निर्देशक म्हणून ठेवायचा मोह मला फार होता. परतताना वाटेत समाहारकानेच हवा काढली. दहा पावलांवर आकडा बदलतो, उन्हं चढली की बदलतो, कापड ओढणारा बदलला की बदलतो. आणि पाच तालुक्यांत हे करायला माणसं कुठे आहेत? बरोबर आहे. संशोधनाला उत्तम, देखरेखीला नाही.

मग मेलेली माकडं. वानर आणि लाल तोंडाचं माकड या दोन्ही जाती या विषाणूने मरतात आणि माणसांत ताप दिसण्याआधी बऱ्याचदा ती मरून पडलेली असतात. इशारा म्हणून याहून चांगलं काही नाही. पण 'मृत माकडांची संख्या' हा निर्देशक फसवा आहे. ज्या गावाला भीती बसली आहे ते गाव प्रत्येक मेलेलं माकड कळवतं. ज्या गावाला माहीत नाही तिथे कुत्री ओढून नेतात. जागरूक गाव धोक्याचं दिसतं, बेसावध गाव सुरक्षित.

आशाताईंनी एका वाक्यात सोडवलं. अंगणात बसून आम्ही वाद घालत होतो, त्या म्हणाल्या, "वानर मेलो तर फोन कोणाक करूचो, ता आधी सांगा." वनखात्याला, पशुसंवर्धनला, की आरोग्य केंद्राला? तीन खाती आणि तिघांचे तीन नंबर. सत्तरीतही तसंच, फक्त खात्यांची नावं वेगळी.

ठरलं ते असं: माकड मेल्याची खबर आल्यापासून नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे रवाना होईपर्यंत किती तास गेले, आणि गोचिडी मारणारी मॅलॅथिऑनची भुकटी मारेपर्यंत किती. जोडीला दर आठवड्याचा शून्य अहवाल. काही मेलं नसेल तरी 'शून्य' कळवायचं, म्हणजे बघणारं कोणी आहे हे कळतं. नोव्हेंबर ते मे. चेकपोस्टच्या दोन्हीकडे हे एकाच पद्धतीने मोजता येतं आणि हललं तर काय करायचं तेही स्पष्ट आहे.

त्याच्याबरोबर दुसरा: हंगाम सुरू व्हायच्या आधी काजू वेचणाऱ्या किती घरांत अंगाला लावायचं तेल पोहोचलं. वाटलं किती, हे नको. तेल एप्रिलमध्ये वाटलं तरी वाटप शंभर टक्के दिसतं.

9 फेब्रुवारी 2023

छोट्या आकड्यांचं दुखणं. दोडामार्ग तालुक्याची लोकसंख्या 2011 च्या गणनेत पन्नास हजारांच्या आत. म्हणजे एक रुग्ण वाढला की दर लाखामागे दोनने उडी. स्थानिक पेपरात 'दुप्पट वाढ' असा मथळा यायला दोन रुग्ण पुरतात. निर्णय: दर छापायचे नाहीत. नुसती संख्या आणि तीन वर्षांची सरासरी. पाचपेक्षा कमी रुग्ण असतील तर गावाचं नाव नाही, तालुकाच लिहायचा. छोट्या वाडीत 'एक रुग्ण' म्हणजे अमक्याची सून की तमक्याचा मुलगा हे सगळ्यांना कळतं.

27 फेब्रुवारी 2023

पाणी. इथे दोन्हीकडच्या पद्धतीच वेगळ्या.

महाराष्ट्रात वर्षातून दोनदा पाणी स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं: जोखीम जास्त तर लाल, मध्यम तर पिवळं, कमी तर हिरवं. सरपंचाला लाल कार्डाची धास्ती असते, म्हणून पद्धत चालते. गोव्यात कार्ड नाही. तिथे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मोठमोठ्या प्रकल्पांतून नळाने पाणी येतं, त्यामुळे तपासणी प्रकल्पावर आणि नळावर. आमची कार्डं आणि त्यांचे नमुने एका रकान्यात बसत नाहीत. कार्ड विहिरीच्या भोवतीची घाण, फुटका कठडा, पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरीचा साठा हे सगळं बघून मिळतं. नमुना फक्त पाणी बघतो.

घरोघरी नळ हा निर्देशक कोणीतरी नेटाने मांडला. गोवा तर ऑगस्ट 2022 मध्ये 'हर घर जल' म्हणून प्रमाणित झालेलं देशातलं पहिलं राज्य. पण जिथे सगळ्यांचाच आकडा शंभराला टेकला तिथे तो निर्देशक काही सांगायचं थांबवतो. आणि कोकण असो की गोवा, परसात विहीर असलेला माणूस नळ अंगणातल्या झाडांना सोडतो आणि प्यायला विहिरीचंच पाणी घेतो. चव लागते म्हणे.

तेव्हा स्रोत सोडून घरातल्या पिण्याच्या भांड्यावर यायचं ठरलं. हंडा, कळशी, फिल्टर, जे असेल ते. पाणी तपासायची एचटूएसची बाटली: पाणी रेघेपर्यंत भरायचं, सावलीत ठेवायचं, काळं पडलं तर विष्ठेतल्या जिवाणूंची शंका. प्रयोगशाळा नको, वीज नको, आशाताई करू शकतात, आणि मुख्य म्हणजे घरातल्या बाईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. आकडा देणाऱ्याच्या पदरात काय, याचं उत्तर यात आपोआप आहे. वर्षातून दोनदा: मेमध्ये, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर.

जिथे नळाचं पाणी आहे तिथे शेवटच्या नळाला उरलेला क्लोरीन. क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकले की पिवळसर रंग यायला हवा, लिटरला 0.2 मिलिग्रॅम. हा तिलारीसाठी मुद्दाम ठेवला. तिलारी हा दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प. धरण आमच्याकडे, आणि कालव्याचं पाणी पेडणे, डिचोली, बार्देशच्या नळांपर्यंत जातं. कालवा इकडे फुटला की तिकडे अस्नोड्याच्या प्रकल्पाला कच्चं पाणी मिळत नाही, टँकर फिरायला लागतात आणि मग पाणी कुठून भरलं कोणी विचारत नाही. कालवा फुटल्याच्या तारखा एका बाजूला आणि क्लोरीन न मिळालेल्या नळांच्या तारखा दुसऱ्या बाजूला, एवढं शेजारी ठेवलं तरी पुष्कळ.

10 मार्च 2023

म्हादई अभयारण्यात गेले काही दिवस वणवा. नौदल आणि वायुदलाची हेलिकॉप्टरं पाणी ओततायत. काल संध्याकाळी चोर्ल्याच्या बाजूला डोंगराच्या रेघेवर तांबूस धुरकट पट्टा दिसत होता.

हवेच्या निर्देशकावर आम्ही अडलो होतो. हवेतल्या बारीक कणांची वर्षाची सरासरी मानकं आहेत, घनमीटरला पीएम 10 ला 60 आणि त्याहून बारीक पीएम 2.5 ला 40 मायक्रोग्रॅम, पण मानक लावायला यंत्र हवं. गोव्यात खाणींच्या पट्ट्यात, होंडा, डिचोली, उसगाव अशा ठिकाणी मोजणी वर्षानुवर्षं होते, कारण तिथे खाणीचा प्रश्न होता. रानाच्या कडेची गावं, दोन्ही राज्यांतली, त्या जाळ्याच्या बाहेर. खाणी 2012 ला बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 ला पुन्हा थांबल्या. तिथले आकडे वर-खाली झाले ते याच तालावर. आमच्या पट्ट्यासाठी ते वापरणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरचा थर्मामीटर आपल्या पोराच्या काखेत लावणं.

उपग्रह मात्र सीमा मानत नाही. उपग्रहावरची व्हीआयआयआरएस यंत्रणा 375 मीटरच्या चौकोनात उष्ण बिंदू दाखवते, आकडे फुकट आणि रोजचे. 'पट्ट्यात आग दिसलेले दिवस, जानेवारी ते मे' असा साधा निर्देशक ठेवतोय. सांख्यिकीवाल्याची शंका रास्त होती: भाजावळीच्या आगी आणि वणवा एकच दिसणार का? शेताच्या तुकड्यातली भाजावळ सहसा एका बिंदूच्या पुढे जात नाही. सलग दोन दिवस शेजारशेजारचे बिंदू असतील तरच वणवा धरायचा. घाईत केलेला नियम आहे. पुढच्या हंगामात वनरक्षकांच्या डायरीशी ताडून बघू.

दम्याच्या ओपीडीचा आकडा यात जोडू नये असं माझं मत, आणि मी ते रेटलं. धूर आला की लोक दवाखान्यात येत नाहीत, घरी पंप ओढतात.

4 एप्रिल 2023

डेंग्यूसाठी सर्वेक्षणात ब्रेटो इंडेक्स काढतात: शंभर घरांमागे किती भांड्यांत अळ्या. घर धरून मोजतात, हीच यातली मेख. दोडामार्गात रबराच्या बागा डोंगरच्या डोंगर पसरल्यात आणि प्रत्येक झाडाला चिकाचा एक कप तारेने अडकवलेला. भर पावसात चीक काढायचं थांबतं तेव्हा कप तसेच उताणे राहिले तर प्रत्येकात पाणी आणि अळ्या. केरळात हे सगळं होऊन गेलंय, त्यांच्याकडूनच शिकायचं. बागेत घर नाही, म्हणून इंडेक्समध्ये बाग नाही.

आज एका बागेत ओळीने कप बघत गेलो. चीक सुरू असलेल्या ओळी स्वच्छ. सोडून दिलेल्या झाडांचे कप उताणे, आत वाळलेली पानं. बागकामगार म्हणाला, पालथे घालायला सांगितलं तर घालू, पण त्याची मजुरी कोण देणार? प्रश्न वाजवी आहे. निर्देशक: जूनच्या पहिल्या आठवड्यात ओळीने शंभर कप बघून पालथे किती. गोव्याकडे रबर कमी, तिथे त्याच पद्धतीने करवंट्या आणि सुपारीच्या गळलेल्या झावळ्यांच्या विऱ्या मोजू. तुलना थोडी लंगडी राहील.

26 एप्रिल 2023

संयुक्त बैठक. तापमान बाहेर आणि आत सारखंच.

सगळ्यात मोठा वाद स्वच्छ इंधनावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यात 96.5 टक्के घरांत स्वयंपाकाला स्वच्छ इंधन. जिल्ह्याचेही आकडे मिळतात, व्याख्या एकच, नमुना पद्धत एकच. चाळणीतून अलगद पार. मी विरोध केला. पाहणी स्वयंपाकाचं विचारते. इकडे आणि तिकडे, दोन्हीकडच्या घरांत गॅस आहे आणि आंघोळीचं पाणी तापवायला न्हाणीत लाकडाची चूलही आहे. रोज सकाळ-संध्याकाळ, बंदिस्त जागेत, आणि ती पेटवणारी बाई ठरलेली. गोव्याचे एक ज्येष्ठ डॉक्टर आधी मान हलवत होते, मग म्हणाले, "माझ्या आईकडे अजून आहे." वाद मिटला. पाण्याच्या बाटलीसाठी घरी जाऊ तेव्हाच न्हाणीत चूल पेटते का, हा एक प्रश्न विचारायचा.

सर्पदंश गेला. मला वाईट वाटलं, कारण माणसं त्याने मरतात. पण रुग्ण बांबोळी, ओरोसचं जिल्हा रुग्णालय, खासगी आणि मांत्रिक अशा चार वाटांनी फुटतात आणि चारही वाटांचा हिशेब एकत्र येईल अशी आज तरी सोय नाही. फवारणीही गेली. बागायतदार काय मारतो हे दुकानदाराला विचारलं तर तो नाव सांगतो, किती ते सांगत नाही.

18 मे 2023

चाचणी भरणीचा पहिला महिना. लेप्टोने, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापाने, डोकं उठवलं.

साथरोगांची नोंद आता दोन्ही राज्यांत एकाच राष्ट्रीय पोर्टलवर, आयएचआयपीवर होते. 2021 पासून देशभर. म्हटलं, इथे तरी सुटलो. पण संशयित कोणाला म्हणायचं यात हाताहाताचा फरक. एका केंद्रात जूनमध्ये ताप आणि अंगदुखी म्हणजे लेप्टो. दुसरीकडे डोळे लाल झाल्याशिवाय शंकाच घेत नाहीत. संशयितांची तुलना म्हणजे डॉक्टरांच्या सवयींची तुलना. म्हणून फक्त तपासणीने पक्के झालेले, राहत्या गावाप्रमाणे, आणि त्याला चिकटूनच: तपासले किती. दुसरा आकडा नसेल तर पहिला छापायचाच नाही. जास्त शोधणाऱ्या केंद्राला शिक्षा नको.

कृतीच्या खणात: लावणीला उतरणाऱ्या माणसांना लेप्टो टाळणाऱ्या डॉक्सिसायक्लिनचा पहिला डोस लावणीच्या आधी मिळाला का. इथेही संपर्काचं गणित उलटसुलट. दोडामार्गची माणसं आठवडाभर गोव्यात कारखान्यात आणि रविवारी गावी शेतात. गोळी वाटणारी ताई मंगळवारी येते. रविवारी वाटा, एवढाच उपाय. आणि तो लिहून द्यायला निर्देशक लागत नव्हता, पण निघाला यातूनच.

गावाच्या कोडचं प्रमाण पहिल्या महिन्यात निराशाजनक. एका ठिकाणी संगणक चालकाने स्वतःच पत्त्याच्या रकान्याशेजारी गावांची यादी चिकटवून ठेवली आणि तिथलं एकदम सुधारलं. यादीची पीडीएफ सगळ्यांना पाठवली. यासाठी सॉफ्टवेअर बदलायचं पत्र लिहिण्याच्या बेतात होतो.

15 जून 2023

मॉन्सून केरळात 8 तारखेला आला आणि दक्षिण कोकणात 11 ला टेकला खरा, पण बिपरजॉय वादळाने त्याचं बळ ओढून नेलं. विहिरी तळाला. मेच्या बाटल्यांचा निकाल आणि 'पहिल्या मोठ्या पावसानंतर'चा निकाल यांत किती दिवसांचं अंतर चालेल यावर फोनाफोनी. ठरलं: चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की तिथून पाचव्या दिवशी. हवामान खातं त्याच्या आसपासच्या पावसाला 'जोरदार' म्हणतं, म्हणून तीच रेघ. पर्जन्यमापक कोणता धरायचा तर महाराष्ट्रात मंडळाचा, गोव्यात जवळच्या केंद्राचा.

अंतिम यादी आता पाठवायची. माकडाच्या खबरेपासूनचे तास आणि शून्य अहवाल, हंगामाआधीचं तेल, घरातल्या भांड्याची बाटली, शेवटच्या नळाचा क्लोरीन, आगीचे दिवस, न्हाणीतली चूल, पालथे कप, पक्का लेप्टो आणि तपासणी, लावणीआधीची गोळी. सगळ्यांच्या वर गावाचा कोड. मृत्यूचा एकही आकडा नाही, हे वरिष्ठांना खटकणार; त्यासाठी 13 डिसेंबरची नोंद जोडपत्र म्हणून लावतोय. खानापूरच्या गावांचा रकाना माकडतापाच्या पानावर तसाच राहील. सांख्यिकीवाल्याने त्याला वेगळा रंग दिलाय, नाराजीचा असावा.

बाटल्यांचे खोके साटेली-भेडशी आणि तळकटला उद्या जातील, वाळपईचे खोके मॅडम स्वतः नेतील. बाटल्यांवर मुदतीची तारीख बघून घ्यायची आहे, आणि लेबलवर मार्कर पुसला जातो म्हणून पेन्सिलीने लिहायला सांगायचंय.